श्रीधरचे शेवटचे शब्द

इतवारी, नागपूर
२० फेब्रुवारी १९७२

चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद.

दौऱ्यात तब्येत सांभाळ, असं दर पत्रात लिहीत होती. आज नाही लिहीत.

लढाईच्या दिवसांत तू फौजी कोट घालून गावोगाव नाटकं केली. लोकायनं तुले खांद्यावर घेतलं. बहीण म्हणून मलेही अभिमान वाटला. मग तू स्टेजवरून सांगितलं, का फौजेच्या दवाखान्यात माझा श्रीधर तुह्या मांडीवर गेला आन् म्हणाला, "मामा, आईले सांगा, रडू नको." मी आन् शामला, आम्ही सासू-सुना त्या वाक्यावरच जगून राहिलो होतो.

परवा त्याच्या पलटणीतला लहानू कन्हानहून भेटाले आला. गोळा पडला तेव्हा तो बाजूलेच होता. श्रीधर जागच्या जागी गेला, काही बोलला नाही. आन् तू त्या मुलखात कधी आलाच नव्हता.

माझ्या मेलेल्या पोराच्या तोंडी तू शब्द काहून घातले? पुढच्या प्रयोगात खरं काय ते सांग.

तुही बाई,
गोपिका

यवतमाळ
२५ फेब्रुवारी १९७२

ती. बाईस मधुकरचा सा. न. वि. वि.

रागावण्याचा तुला हक्क आहे. आघाडीवर जायची माझी फार इच्छा होती, परवानगी मिळाली नाही. पण ते वाक्य ऐकून माणसं हुंदके देतात, पोरं भरतीला जातात. तू श्रीधरला जन्म दिलास, मी त्याला अमर केलं. पाच तारखेला नागपुरात प्रयोग आहे. तुझ्या आणि सूनबाईच्या खुर्च्या पहिल्या रांगेत ठेवतो. एकदा डोळ्यांनी पाहा, मग बोल.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
मधुकर

इतवारी, नागपूर
६ मार्च १९७२

मधुकर,

आशीर्वाद लिहवत नाही.

पहिल्या रांगेत बसली. वाटलं, बहीण समोर पाहून तुही जीभ अडखळेल. तू तेच बोलला. मी उभी राहिली आन् म्हटलं, "मी श्रीधरची माय आहे. हे खोटं आहे." मागून लोक ओरडाले लागले, का बुढे, खाली बस, शहिदाचा अपमान करू नको. माझ्या लेकासाठी रडणारे लोक मलेच खाली बसवून राहिले होते. तू हात वर करून त्यायले शांत केलं. वाटलं, आता तरी बोलशील. तू म्हणाला, "दुःखानं या माउलीचं भान हरपलं आहे." केवढ्या टाळ्या पडल्या गा तुले.

शामलानं मले धरून बाहेर आणलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, का ते काही न बोलता गेले असतील, तर त्यायचं ते न बोलणंच मले पाहिजे.

यंदा राखीले येऊ नको.

श्रीधरची माय