लॅबताईंची बाटली

१ मार्च, रविवार
औषधाच्या कंपनीने दवाखान्यात डायऱ्या वाटल्या. डॉक्टरांना पुरून एक उरली, ती स्वयंपाकघरात आली. दोन महिन्यांची पानं कोरी. जाऊ देत, त्यांत लिहिण्यासारखं काही झालंही नव्हतं. चौथीपर्यंत शाळा झालीय माझी, पण अक्षर इथल्या डॉक्टरांपेक्षा बरं. रोज लिहायचं ठरवलंय. कुणी वाचायचं नाही. आमच्या ह्यांनी तर नाहीच.

६ मार्च, शुक्रवार
चार दिवस लिहिलं नाही. कामं होती.
आहारवाली मॅडम (वय सव्वीस, अनुभव शून्य) आज परत मिठाच्या डब्याला कुलूप लावून किल्ली घेऊन गेली. रक्तदाबवाल्या पेशंटांसाठी म्हणे. लाव बाई, दोन लाव. माझ्या हाताला मिठाशिवाय चव आहे. घरीसुद्धा चिमूटभरच घालते. बावीस वर्षं तीनशे पेशंटांना जेवू घालतेय, एकाने तक्रार केलेली नाही. निम्म्यांच्या नाकात नळ्या होत्या हे खरं. पण उरलेल्या निम्म्यांना तोंड होतं ना?

७ मार्च, शनिवार
चौघींचं शनिवारचं बसणं. नऊ वर्षं झाली. शिंपिणीच्या दुकानात, शटर अर्धं ओढून, कापड बेतायच्या टेबलावर. वाईन पोस्टात नोकरी करणारी, म्हणजे आमची पोस्टातली, आणते, गाणं शिंपीण लावते, फोटो लॅबताई काढतात. आमच्याच दवाखान्यात रक्त तपासतात त्या. जेवण माझं. ते कुणी ठरवलं नाही. पहिल्याच दिवशी मी पातेलं घेऊन गेले, नंतर कुणाची बिशाद झाली नाही.
पोस्टातलीने बाटलीवरचं वाचून दाखवलं. हिला म्हणे ओल्या लाकडाचा वास आहे. मी म्हटलं, टेबल आत्ताच पुसलंय, त्याचा येतोय. तिने डोळे मिटून घेतले. शिंपिणीने सॅक्सोफोनची तबकडी लावली. ती वाजत असताना बोलायचं नाही हा तिचा कायदा. मी पाळला. एवढंच विचारलं, की ह्या माणसाला दमा आहे का.
कोंबडीचा रस्सा केला होता. तिघींनी वाट्या पुसून ठेवल्या.
मग लॅबताईंनी सांगितलं. एकतीसला रिटायर, एकला मुलाकडे. कायमच्या. आगगाडीने दोन दिवस लांब.
मला काय त्याचं. माणसं येतात, जातात. रस्सा गरम करायला आतल्या खोलीत गेले आणि जरा तिथेच थांबले. गॅस नीट पेटत नव्हता.

८ मार्च, रविवार
ठरलं. अठ्ठावीसला शेवटचा शनिवार. असं जेवण करायचं, की सुनेच्या हातचं खाताना लॅबताईंना माझी आठवण येऊन रडू फुटलं पाहिजे.
शिवाय फोटो आता मी काढणार. नऊ वर्षं त्या काढतायत म्हणून एकातही त्या नाहीत. उद्या आम्ही बघायचं काय, भिंत? लेकीचा जुना मोबाइल घेतला. लेक म्हणाली, आई, सांगून काढलं की माणसं पुतळ्यासारखी बसतात, न सांगता काढ. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, तुला मी जन्म दिलाय. मुद्दा बरोबर आहे पण.

१४ मार्च, शनिवार
फोटो एकूण एकतीस. नऊ माझ्या अंगठ्याचे. अंगठा छान आलाय. पाणी आणायला आत गेले तेव्हा पडद्याआडून तीन काढले, न सांगता. तिघी वाट्यांवर वाकल्यात, चेहऱ्यावर काय भक्ती! पोस्टातली म्हणाली, मोबाइल ठेव आणि वाईन पी. कला म्हटली की लोक जळतातच.

१५ मार्च, रविवार
पडद्याआडचे फोटो लेकीने मोठे करून दाखवले. लॅबताईंच्या हातात बाटली आहे. वाईनची नाही. लॅबमध्ये नमुने घेतात तसली, बोटाएवढी, लाल झाकणाची, वर चिठ्ठी डकवलेली. पहिल्या फोटोत तिच्यातली पांढरी पूड पोस्टातलीच्या वाटीत टाकतायत. दुसऱ्यात शिंपिणीच्या. तिसऱ्यात स्वतःच्या.
औषध! लेकीला म्हटलं, तिघींना एकच आजार झालाय आणि माझ्यापासून लपवतायत. लेकीने माझ्याकडे बघितलं, तोंडावर उशी दाबली आणि तशीच खोलीबाहेर गेली. रडू आलं असणार. हळवी आहे. माझ्यावर गेलीय.
म्हणजे लॅबताई रिटायर होऊन मुलाकडे जातायत हा सगळा बनाव. उपचारांना जातायत. आणि मला पत्ता नाही. नऊ वर्षं एका पातेल्यातलं खाल्लं, ते कशासाठी?

१८ मार्च, बुधवार
हृदयाचे डॉक्टर जेवायला आले तेव्हा डाव हातात धरूनच विचारलं. पन्नाशीच्या बायका जेवणात पांढरी पूड टाकून घेतात, ती कशाची? ते म्हणाले, पोट साफ व्हायची असेल, रक्तदाबाची असेल, तपासल्याशिवाय कसं सांगू. आणखीही काही म्हणाले, पण ते सूपबद्दल होतं.
रक्तदाबच. शिंपिणीकडे बघून मला आधीच वाटायचं.
आजपासून शनिवारच्या जेवणात मीठ बंद. ती चिमूटसुद्धा नाही. त्या बोलत नाहीत तर नाही, मी गुपचूप जीव वाचवीन.

२१ मार्च, शनिवार
बटाट्याचं सूप, भाजलेला मासा. मीठ शून्य. पडद्याआडून मोजलं, बाटली चार वेळा निघाली! शिंपिणीने तर लॅबताईंच्या हातातून हिसकावून घेतली. आजार झपाट्याने वाढतोय.
घरी येऊन आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती बाटली कुठे मिळते तेवढं विचारून ठेव.
म्हणजे ह्यांनाही काहीतरी होतंय. बोलत नाहीत बिचारे.

२७ मार्च, शुक्रवार
उद्या. तोंडात विरघळेल असं मटण, उकडलेल्या भाज्या, भात. सगळं अळणी, प्रेमाने. आणि उद्या मी बोलणार. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. रडायचं नाही. दुसऱ्यांदा जरा आलं, पण ते कांद्याचं. कांदा चिरायचा अजून बाकी आहे, पण हाताला वास होता.

२८ मार्च, शनिवार
लिहावंसं वाटत नाही. लिहिते.
वाईन आज भारीतली होती. शिंपिणीने सॅक्सोफोन लावला. मी पाणी आणते म्हणून आत गेले. बाटली निघाली तशी पडद्यातून बाहेर आले आणि कायदा मोडला. म्हटलं, पुरे झाली लपवाछपवी. मला सगळं ठाऊक आहे. ताई, तुम्हाला किती दिवस सांगितलेत डॉक्टरांनी? आणि तुम्ही दोघी, पोरंबाळं आहेत तुम्हाला, त्यांना तरी सांगितलंत का? मी मेले होते का सगळ्यांना?
पोस्टातलीच्या नाकातून वाईन आली. शिंपीण टेबलाखाली गेली, सुई पडली म्हणे. बराच वेळ सापडली नाही. टेबल हलत होतं.
लॅबताई तेवढ्या हसल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, अगं वेडे, ठणठणीत आहे मी. ही फक्त तुझ्या हातचं जेवताना लागते.
मी म्हटलं, तेच तर! जेवणाबरोबरची औषधंच जास्त कडक असतात.
टेबलाखालून शिंपीण ओरडली, ताई, सांगून टाका एकदाचं! लॅबताईंनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. परत मिटलं. मग म्हणाल्या, हो गं, औषधच आहे, पण साधं आहे, जीवबीव जात नाही कुणाचा.
निघताना बाटली माझ्या मुठीत दिली. म्हणाल्या, मुलाकडे ही लागायची नाही मला.
म्हणजे बऱ्या झाल्या! माझ्या अळणी जेवणाने. चारच दिवस आणखी राहिल्या असत्या तर.
फोटो एकच काढला. अंगठा नाही त्यात. लॅबताई आहेत.

१ एप्रिल, बुधवार
स्टेशनवर गेलो तिघी. ठरवल्याप्रमाणे रडले नाही. इंजिनाचा धूर डोळ्यांत गेला. पोस्टातली म्हणाली, गाडी विजेवरची आहे. तिला प्रत्येक गोष्टीत बोलायची खोडच आहे.

४ एप्रिल, शनिवार
जाणारच नव्हते. पण कोंबडी आणून झाली होती. तोच रस्सा, अळणी.
चौथी खुर्ची शिंपिणीने भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर कापड रचलेलं. तबकडी लावली. दोघींनी दोन दोन चमचे खाल्ले आणि चमचे खाली ठेवले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय, त्या माझ्या पर्सकडे बघतायत. शेवटी पोस्टातलीने कायदा मोडून हळूच विचारलं, ती बाटली आणलीयस ना?
काढली. चिठ्ठीवर लॅबताईंच्या बारीक अक्षरात एवढंच, शनिवार. शाई जुनी, पुसट. शिंपीण म्हणाली, घाल ना गं बाई, वाट कसली बघतेस?
एवढं साधं औषध आहे तर चव बघू म्हटलं. बोटाला लावून चाटलं.
मीठ.
काही बोलले नाही. गाणं वाजत होतं ना. दोघींच्या वाट्यांत दोन दोन चिमट्या घातल्या. चमचे उचलले त्यांनी. मग माझ्या वाटीत घातलं.
मला काही खास फरक वाटला नाही. आधीही बरंच लागत होतं. वाटी मात्र पुसून खाल्ली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून पातेल्यातलं परत घेतलं.
बाटली संपली. सोमवारी आहारवाल्या मॅडमकडे मिठाच्या डब्याची किल्ली मागायला हवी. काय सांगून मागायची, ते अजून ठरवलेलं नाही.