तलावावरचा प्रमुख

ताई,

कॉलेजच्या तलावावर लाईफगार्डची परीक्षा झाली ना, तिच्यात मी पोहलोच नाही. टोपी-गॉगल चढवून माझ्या जागी आपला मावसभाऊ उतरला. मला पोहता येतंच कुठे गं! पोरांवर जरा रुबाब झाडू, एवढीच मस्ती होती.

पण ड्यूट्या लावणं, भांडणं मिटवणं मला झकास जमलं, आणि सरांनी मला सगळ्या गार्डांचा प्रमुख केलं.

काल एक मुलगी बुडायला लागली. मी उंच खुर्चीवर दगड झालो, नुसती शिट्टी फुंकत बसलो. दुसऱ्या पोराने उडी मारून तिला काढलं. सर मलाच म्हणाले, "शाब्बास! लीडर स्वतः धावत नाही, माणसं हलवतो."

"सर, मला काढा. मी लायक नाही."

"बघा, किती नम्र पोरगा!" म्हणत त्यांनी उद्याची नवशिक्यांची तुकडी मला एकट्याला दिली.

खरं बोललो तर मावसभावाचंही कॉलेज सुटेल. नाही बोललो तर, ताई, उद्या उडी कोण मारणार?

हे पाठवायचा धीर झालाच, तर आईला सांगू नकोस. ती शेजारपाजारी मिरवतेय गं. कुणालाच नको सांगू, पाया पडतो.

तुझा,
उपद्व्यापी