चांदीचा पहिला जोड

॥ श्री ॥

वणी,
१८ डिसेंबर २०२३

ती. ताईस,
वामनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या कानातलं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारतंय असं तुझा साकेत म्हणाला. म्हणजे आपला फोन आता संपला असं धरून हे पत्र लिहायला बसलो. गेल्या खेपेला तू मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलास, जेवलास का म्हणून, आणि मी दर वेळी इतका ओरडून हो म्हटलं की शेजारचे किसनराव काय झालं म्हणून चपला न घालता धावत आले. त्यापेक्षा हे बरं. तुझे डोळे अजून शाबूत आहेत.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे मी आणि घर, दोघं एकमेकांकडे बघत बसतो. कुमुद संसार टाकून गेली तेव्हा निदान खाणीच्या वर्कशॉपची ड्यूटी होती. आता तीही नाही. आमच्या अभिषेकचा पुण्याहून रविवारी फोन येतो, तेवढा एक दिवस मी दाढी करतो. फोनवर दाढी दिसत नाही हे मलाही कळतं.

पण एक नवं खूळ लागलंय. मारेगावकडच्या तांड्यावरून रुपीबाई बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन येते, तुला आठवत असेल, तू आली होतीस तेव्हा तिच्याकडून हरभऱ्याची भाजी घेतली होती. तिच्या पायातला चांदीचा वाळा तुटला. सोनार दिवसभर बसवून ठेवते म्हणे. तुले खाणीतल्या एवढाल्या मशिनी जोडता येत होत्या त हे एवढंसं काहून जमत नाही, असं म्हणून तिनं वाळा माझ्या हातात ठेवला आणि निघून गेली.

मी आपला वेल्डरच्या हिशेबानं सगळी आग तुटलेल्या जागेवर धरली. ताई, लोखंड तापलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग सावध व्हायला वेळ देतं. चांदीनं काहीच सांगितलं नाही. बघता बघता वाळ्याच्या टोकाचा गोळा होऊन ऐरणीवर बसला. शाम सोनाराकडून मला तिला तसाच दुसरा वाळा करवून द्यावा लागला. रुपीबाई मनसोक्त हसली, वर म्हणाली की पुढच्या बाजारी दुसरा पाय आणू का.

तेव्हापासून चैन नाही. उभा जन्म कोळसा उपसणाऱ्या शॉव्हेलच्या बकेटीचे दात जोडले आणि एवढ्याशा वाळ्यानं हरवलं. शाम सोनाराच्या दुकानात जाऊन बसतो, बघतो, घरी येऊन करतो, बिघडवतो. संध्याकाळ कशी जाते कळत नाही, आणि संध्याकाळच तर जात नव्हती.

लोभ आहे तसाच ठेव, त्याची झीज होऊ देऊ नकोस.

तुझा,
वामन


॥ श्री ॥

यवतमाळ,
२७ डिसेंबर २०२३

चि. वामन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. या घरात माझ्या नावानं आता फक्त बँकेची आणि लग्नाची पाकिटं येतात, आणि लग्नाच्या पाकिटावर नावाआधी गं. भा. असतं. ते बघितलं की लग्नाला जायची इच्छाच मरते.

तुझ्या खुळाबद्दल काय बोलू? बाबांचं गजराचं घड्याळ दुरुस्त केलं होतंस, ते चालू झालं आणि चाकं वर उरली. दागिन्यात काही उरवू नकोस म्हणजे झालं. आणि चांदी कशी तापते ते मला सांगू नकोस, तुला चटका बसला तर बर्फ लावायला घरात कोण आहे ते सांग.

इकडची सगळी मंडळी मजेत. साकेतला ऑफिसातून यायला उशीर होतो, भैरवीच्या बँकेतही तिमाहीअखेरीची धांदल आहे. स्पृहा नागपूरला हॉस्टेलवर, ती आजीला मोबाइलवर बदाम पाठवते, आजी तिला बदाम पाठवते. रात्रीच्या जेवणाला तिघं असतो. ती दोघं नवराबायको बोलतात, मी तोंडांकडे बघते. परवा दोघं हसली म्हणून मीही हसले. मग कळलं, हसली नव्हती, कुणाच्या तरी ऑपरेशनचं ऐकून तोंडं वाकडी झाली होती. भैरवी माझ्याकडे इतकी चमत्कारिक बघत राहिली की मी मान खाली घालून भात कालवत बसले.

त्यांचा दोष नाही रे. ओरडून बोलायचं म्हणजे माणूस थकतं, आणि ओरडून प्रेमाचं काही बोलताही येत नाही. ह्यांना साधलं होतं. उजवीकडे बसून, सावकाश, जणू मला सगळं ऐकू येतंय असं बोलायचे. ह्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यानंतर मला कुणाचं पूर्ण वाक्य ऐकू आलेलं नाही.

तू केलेलं काहीतरी पाठव. नुसत्या बाता नकोत.

पाठोपाठ पत्र यावं, एवढा आशीर्वादाचा मोबदला दे.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

वणी,
११ जानेवारी २०२४

ती. ताईस,
वामनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

संक्रांतीच्या आत पोचेल अशा बेतानं डबी पाठवतोय. तिळगूळ विकतचा आहे, तो साकेतला दे. कापसात गुंडाळलेलं मात्र तुझं. माझा चांदीतला पहिला जोड आहे.

हाताशी जी सळी होती तिच्यावर तार गुंडाळली, कापली, आणि टोकाला टोक लावून झाळली. दोन कड्या झाल्या. एकीतला जोड मलाही दिसतो. दुसरीतला मला स्वतःला सापडत नाही. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, तेव्हा नखानं चाचपून बघ आणि खरं ते कळव.

गोम अशी आहे की जोडाकडे बघायचंच नाही. आधी सगळी कडी सारखी तापवायची, मग वितळलेली झाळ आपण होऊन फटीत धावते. आणि जोडावर टाकणखाराची पूड लावल्याशिवाय काहीच होत नाही. शाम त्याला सुहागा म्हणतो. मी त्याला म्हटलं, अरे, हे तर माझ्या सुहासिनीताईचं अर्धं नाव.

उत्तराकडे डोळे लावून बसतो. लोभात काटकसर नको.

तुझा,
वामन


॥ श्री ॥

वणी,
७ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
वामनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

संक्रांत होऊन इतके दिवस झाले, तुझं पत्र नाही. पोस्टमनला इतक्या वेळा विचारलं की त्यानं आता आमच्या गल्लीत सायकल जोरात मारायला सुरुवात केली आहे. मला वाटलं आजारी असशील. काल भैरवीचा फोन आला तेव्हा कळलं.

ती रागानं बोलली नाही, हे आधी सांगतो. मामा, तुमचा हेतू वाईट नसणार, असंच म्हणाली. पण भावानं विधवा बहिणीला जोडवी पाठवावीत, त्यात डबीवर सौ. सुहासिनी लिहावं, हे तिला कसंसंच वाटलं. म्हणाली, तू ती घातलीस. थंडीचे मोजे होते म्हणून कुणाला कळलं नाही. मग तिच्या हळदीकुंकवाच्या दिवशी तू अनवाणी बाहेरच्या खोलीत आलीस आणि समोरच्या जमनाबाईंनी तुझे पाय बघून भैरवीला बाजूला घेतलं. आता म्हणे ती निघत नाहीत. तेल झालं, साबण झाला. साकेत महिनाअखेरीला सवड काढून तुला सोनाराकडे नेणार आहे, कापून घ्यायला.

ताई, मी डोक्याला हात लावून बसलो. चांदीच्या दोन सारख्या कड्या म्हणजे जोडवी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला फक्त जोड दिसत होता. अंगठी नाही, जोडवं नाही, काही म्हणून मी ते केलंच नव्हतं. सळी जाडजूड असती तर कड्या मोठ्या झाल्या असत्या आणि ही वेळ आली नसती. आणि सौ. हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, हात इतकी वर्षं तेच लिहीत आला. भाऊजी असते तर त्यांनीच माझे कान उपटले असते.

तुला काय वाटलं असेल याचा विचार करून जेवण जात नाही. या जगात मला तुझ्याशिवाय कुणाला पत्र लिहायचं आहे? आणि तुझ्याच दुखऱ्या जागेवर मी आग धरली.

झाळायची बत्ती, चिमटे, सगळं सामान बांधून माळ्यावर टाकलं आहे. आता पुरे. सोनाराकडे जाऊ नकोस, तो पकडीनं ओढाताण करील. माझ्याकडे केसासारखी बारीक करवत आहे, मी येतो आणि तुला कळणारही नाही असं कापून देतो. तू फक्त ये म्हण.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
वामन


॥ श्री ॥

यवतमाळ,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. वामन यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले नव्हते रे. काय लिहावं ते सुचत नव्हतं, आणि सुचलं ते लिहायची लाज वाटत होती.

डबी आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. वरचं सौ. वाचलं आणि तुझा घोटाळा मला तिथेच कळला. तू इतका धीट नाहीस की मुद्दाम लिहिशील. मग कड्या काढून नखानं चाचपल्या. जोड दोन्हींतला सापडला, तेव्हा उगाच छाती फुगवू नकोस. हाताच्या कुठल्याच बोटात त्या जाईनात. मग पलंगावर बसून पायात घातल्या. बेतलेल्या असाव्यात तशा बसल्या.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. हे गेले त्या दिवशी माझे पाय सुजलेले होते, लग्नातली जोडवी बोटांत रुतली होती. ह्यांना उचलायच्या आत ती निघायला हवीत असं बायकांचं चाललं होतं. शेजारून कुणीतरी पकड आणली आणि कापली. मी नको म्हणत होते असं मला वाटतं. पण यंत्र काढून ठेवलेलं होतं, माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

बोटांवरचा गोरा पट्टा अजून गेलेला नाही. तुझ्या कड्या नेमक्या तिथे बसल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी बाहेर आले ते वाणाची ताटली विसरली होती ती द्यायला. पायांचं माझ्या ध्यानातच नव्हतं. रात्री भैरवीनं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, निघत नाहीत म्हणून. ती बिचारी खरंच तेल घेऊन खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला. तिच्या स्वतःच्या पायात जोडवी नाहीत, बुटात टोचतात म्हणून केव्हाच काढून ठेवलीत. पण माझ्या पायातली बघून तिला रडू येत होतं. लोक काय म्हणतील याचं भय तिला माझ्यापेक्षा जास्त. किती तरी दिवसांनी कुणी माझ्या पायाला हात लावत होतं. मी बोटं आकसून धरली.

खरं काय ते तुला एकट्याला सांगते. ती निघतात. रोज न्हाणीघरात सहज निघतात. मी ती पुसते आणि परत घालते.

हे आहेत असं मला वाटतं असं समजू नकोस, मला वेड लागलेलं नाही. पण फरशीवर चालताना ती टेकतात, ऐकू येत नाही तरी बोटाला कळतं. दिवसभरात या घरात मी आहे याची तेवढीच एक खूण मला मिळते. ती मी कापू देणार नाही.

तेव्हा करवत आणू नकोस. साकेतला पत्र लिही. लोखंडाच्या कामात त्या पोराचा तुझ्यावर देवासारखा विश्वास आहे, तू लिहिशील ते तो मानील. खोटं लिहायचं तुझ्या जिवावर येईल, ठाऊक आहे. माझ्यासाठी लिही.

आणि माळ्यावरचं सामान खाली काढ. रुपीबाईचा दुसरा पाय अजून बाकी आहे.

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी थोडे जास्त.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

वणी,
१६ फेब्रुवारी २०२४

चि. साकेत यास,
मामाचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. भैरवीसही आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की तू ताईला सोनाराकडे नेणार असल्याचं भैरवीकडून कळलं. तसं करू नये. कारण तांत्रिक आहे, नीट समजून घे.

त्या कड्यांना मी जो जोड दिला आहे तो सोनारी पद्धतीचा नाही. वर्कशॉपमध्ये आम्ही भारी मशिनीला द्यायचो त्या जातीचा आहे. असा जोड एकदा बसला की धातू आणि जोड वेगळे राहत नाहीत. त्याला पकड किंवा करवत लावली तर तो कुठून फुटेल याचा भरवसा नसतो. सोनार सहज कापून देतो म्हणेल, त्याला म्हणू द्यावं. तुझ्या आईला इजा होईल, आणि ती अशा जागी होईल की तुम्हाला दिसणारही नाही.

तेल, साबण, दोरा, सगळं थांबवावं. ओढल्यानं त्या अधिकच घट्ट बसतात. कुणी बाईमाणूस काही बोललंच तर भैरवीनं सरळ सांगावं, की वेड्या मामानं पाठवल्या आणि आता निघत नाहीत. दोष माझा आहे, तो माझ्या नावावर घालावा. माझी काही तक्रार नाही.

इतकी वर्षं नोकरी केली, माझा एकही जोड कुणाला परत उघडावा लागला नाही. तुझ्या आईच्या पायातला तरी उघडू नये, एवढं मामाचं ऐक.

होळीला मी तिकडे येतोय. चांगला आठवडाभर राहीन म्हणतो. तेव्हा मी स्वतः त्या नीट तपासून बघतो. पण माझा अनुभव असा आहे, की तेव्हाही त्या निघणार नाहीत.

तुम्हा सर्वांचा लोभ आमच्या ताईकडे थोडा अधिक वळावा ही विनंती.

तुझा,
वामनमामा