आपाने शिकवलेले मोड

३ जाने., नांदेड
मूग वाया गेले. चिकट, आंबूस वास. ह्यांना शुगर निघाल्यापासून सकाळी मोड लागतात, आणि ते भिंतीपलीकडून वाटीभर यायचे, शेजारच्या नसरीनआपाकडून. आता तीच मागं लागलीय, तुझं तू शिक. आज वास घेऊन म्हणाली, "पाणी निथळलं न्हाई पूर्ण. तळाला साचलं की सडतंय."

५ जाने.
भिजलेले मूग चाळणीत निथळले, ओल्या फडक्यात बांधले. मी घट्ट आवळत होते. आपा : "सैल बांध गं. त्यांनाबी हवा लागते." थंडी हाय म्हणून डबा शेगडीजवळ ठेवायला लावला. स्वतः हात लावत नाही, नुसती उभी. पूर्वी सगळं ओढून घेऊन करायची.

७ जाने.
आले मोड. पांढरे, टचटचीत. वाटी घेऊन पळत गेले. आपाने चिमूटभर खाल्ले, डोळे पुसले. मिरची लागली म्हणे. मिरची घातलीच नव्हती.

११ जाने.
भाजीवाली म्हणाली, "आपा चालल्या न लातूरला, लेकाकडं? कायमच्या?" घर दिवाळीतच विकलंय म्हणे. ह्यांना विचारलं. म्हणाले, "आपानंच सांगू नका म्हणलं होतं." म्हणजे ह्यांनाही माहीत, गल्लीला माहीत. मोड शिकवता शिकवता तिची निरवानिरव चालली होती, आणि मी खुशाल शिकत होते.

१२ जाने.
आपा आली. आत ये म्हटलं नाही.
"तुझ्यासमोर तोंडच उघडंना, सुनंदा."
म्हटलं, "माझ्या बाळंतपणात तू उशाशी होतीस. भाईजान गेले, तू एकटी पडलीस, तेव्हा मी तुझ्याजवळ झोपत होते. आणि हे भाजीवालीनं सांगावं?"
"तुला सांगितलं असतं तर माझं जाणं झालं नसतं."
"मग सांगायचं होतं."
आपा पदर सारखा करून गेली.

१५ जाने.
आपाचा टेम्पो गेला. ह्यांनी सामान चढवायला हात लावला. मी न्हाणीत नळ सोडून बसले.

१६
ह्यांच्याशी कामापुरतं. मोड केले नाहीत. ते पोहे खाऊन गेले.

२० जाने.
लातूरहून फोन. दोनदा वाजू दिला, मग उचलला.
"सुनंदा? बोल न काहीतरी."
पलीकडं तिची नातवंडं भांडत होती.
फोन कानाला तसाच. तिनं ठेवला नाही, मीही नाही.