झोपलाय, उठवू नका

३ फेब्रुवारी, सोमवार
वखारीचं कुलूप शेवटी हातोडीनेच फोडलं. किल्ली देणार नाही म्हणून युजीनने घर डोक्यावर घेतलं होतं — आणि जागा द्यायला तयार झाला तोही हाच नवरा! एके काळी आम्ही इथे सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पानात बांधायचो. आता गर्दच्या व्यसनावर संशोधन केंद्र होणार. केंद्र उभं करणारी डॉ. नेहल विरारहून स्कूटरवर आली. "सिस्टर, इथे मुलाखतीची खोली, तिथे प्रशिक्षण." पोर बोलते अशी की जणू रंगसुद्धा लावून झालाय. मला हॉस्पिटलातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अजून मी सगळ्यांची सिस्टरच.

५ फेब्रुवारी
पैसे देणाऱ्या संस्थेची अट — आधी तीस घरांची माहिती आणा. डोस जास्त होऊन ज्यांचं माणूस गेलं, ती घरं. नाहीतर केंद्र नाही. तीस! गेलेत त्याहून जास्त. सांगणार कोण?

१० फेब्रुवारी
आगाशी, निर्मळ, अर्नाळा. सात घरं, सात हार्ट अटॅक. एकोणीस वर्षांच्या पोराला हार्ट अटॅक! बहिणीचं लग्न जमायचंय ना. "चहा घ्या, सिस्टर," की विषय संपला. भयंकर राग आला. मग स्वतःचाच आला. आमच्या जॉयलच्या वेळी चर्चच्या फळ्यावर काय लावलं होतं? 'हृदयविकाराच्या झटक्याने.' मजकूर युजीनने लिहिला, मी वाचून मान हलवली. व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आलेला पोरगा, आठवड्याभरात गेला. शरीराची सवय सुटलेली आणि त्याने डोस घेतला जुनाच. नर्स ना मी, कळत होतं सगळं. नेहलला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, बाईचं मन मोठं म्हणून जागा दिली.

१४ फेब्रुवारी
पाचूबंदरला मॅग्डलीनकडे गेले. मासळी निवडता निवडता बोलली, माझ्याकडे न बघता. "हार्ट अटॅक कसला गो बाय! पावडर होती ती. माझा पोरगा, सॅमी, घोरत होता, मोठमोठ्यानं. मी म्हटलं, किती दिसांनी झोपलाय, झोपू दे. कुत्र्याला पन हाकलला मी, भुंकून उठवील म्हनून."

फॉर्मवर अकरावा प्रश्न आहे — घोरण्यासारखा आवाज येत होता का? 'हो'वर खूण केली. पुढचा प्रश्न विचारायचं राहूनच गेलं. तिने उठून मला पाणी दिलं. तिने, मला!

१५ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

रविवार होता. चर्चमधून मिस्सा करून आलो, जेवलो. जॉयल आत जाऊन पडला. थोड्या वेळाने घोरायला लागला. खोल, गुरगुरल्यासारखं, मध्येच थांबायचं. मी टीव्हीचा आवाज बंद केला. शेजारची ज्युली डबा परत द्यायला आली, तिला म्हटलं, "हळू गं, झोपलाय, उठवू नकोस." तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी! पेशंट असा घोरला असता तर धावत गेले असते. ती झोप नव्हती, श्वास अडकत होता. हलवून उठवायचं, तोंडाने श्वास द्यायचा, उताऱ्याचं इंजेक्शन मागवायचं — वाचला असता. माझा पोरगा वाचला असता! चार वाजता चहाला हाक मारली तेव्हा गार पडला होता.

२० फेब्रुवारी
सहा फॉर्म झाले. आमचा नाही.

२४ फेब्रुवारी
नेहलने विचारलं, "तुमच्या ओळखीत अजून कोणी, सिस्टर?" म्हटलं, बघते. बघते म्हणे!

जेवताना युजीनला सांगितलं, जॉयलचा फॉर्म भरणार. ताट सरकवून उठला. "गेलेल्या पोराची बदनामी करतेस? जागा दिली ना? अजून काय पाहिजे तुला?" मग अंधार पडेपर्यंत वाडीत केळीची पानं कापत राहिला. गरज नसताना.

२ मार्च, रविवार
मिस्सेनंतर फादरनी केंद्राबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. छान लिहून नेलं होतं. उभी राहिले आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला. म्हटलं, "माझा जॉयल हार्ट अटॅकने गेला नाही. गर्दने गेला. तो घोरत होता आणि मी त्याला उठवलं नाही. तुमच्या घरात कोणी असं घोरलं तर लाज सोडा, आधी उठवा." मागे हिल्डा, त्या सात घरांतलीच एक आई, हुंदके द्यायला लागली. युजीन बाकावरच्या सगळ्यांचे गुडघे ओलांडत बाहेर निघून गेला.

४ मार्च
नेहलचा फोन. अकरा घरांनी आपणहून बोलावलंय. पोर आनंदाने ओरडत होती. मला काहीच वाटेना. युजीन दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

५ मार्च, राखेचा बुधवार
चर्चमध्ये आम्ही दोघांनी वेगवेगळ्या रांगांत उभं राहून कपाळाला राख लावून घेतली.

६ मार्च
सकाळी युजीनने जॉयलचा फॉर्म मागितला. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला. अकराव्या प्रश्नाशी थांबला.

"मी पण ऐकलं होतं ते घोरणं," म्हणाला. "तू मोरीत भांडी घासत होतीस. आत गेलो, पंखा वाढवला आणि दार ओढून घेतलं."