घरातले चमचे तलावावर आहेत

दादा,

चमचे शोधू नकोस. घरातले सगळे चमचे आणि तुझी लेक, दोन्ही घेऊन मी पोहायच्या तलावावर गेलेय.

डॉक्टरांनी छकुलीची हालचाल वाढवा म्हणून सांगितलं होतं, हाल करा म्हणून नाही. तू गळ्यात शिट्टी अडकवून काठावर उभा राहतोस, म्हणून तलावाचं नाव काढलं की पोरीच्या पोटात दुखतं. काल तर सगळ्यांदेखत तिला म्हैस म्हणालास. अरे, म्हैस पाण्यात सुखाने डुंबते, तिच्या कानाशी कोणी शिट्ट्या फुंकत नाही.

परवा तू कामावर होतास, तेव्हा मी तळाशी चार चमचे टाकले आणि तिला म्हटलं, काढ बघू. तोंड बुडवायला घाबरणारी पोर हसत हसत बुड्या मारत राहिली. घरी येताना मात्र हळूच म्हणाली, "आत्या, मला मजा आली हे बाबांना सांगू नकोस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यायचं तर पाण्यात उतरायच्या तयारीने ये. तुला पोहता येत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

चहा ओट्यावर झाकून ठेवलाय. साखर तळाशी बसली असेल, शिट्टीने ढवळ.