डुकराने न खाल्लेला गहू

मालवण, २१ मे २०२५

प्रिय सॅविओ पुता,

आईचा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पंजाबातला उन्हाळा वाईट, डोक्याला टॉवेल बांधल्याशिवाय शेतात जाऊ नकोस. तुझ्या साहेबाला टोपी पुरत असेल, त्याच्या डोक्यात तापण्यासारखं फारसं काही नाही.

फोन असताना ही बाई पत्र कसलं लिहिते, असं म्हणशील. फोनवर तू गाडीत असतोस, शेजारी कोणीतरी असतं, आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तू "बरं, ठेवू?" म्हणतोस. शिवाय एक वस्तू पाठवायची आहे, ती फोनमधून जात नाही.

देवगडच्या लवूने हापूसची शेवटची पेटी पाठवली, निम्मे आंबे डागी. वेनेसाने फणसाची साठं वाळत घातलीत आणि तुझ्या भाच्याने, ब्रँडनने, ती ओली असतानाच खायला सुरुवात केली आहे. तो आता छान खातो. "आता" का म्हणाले, ते सांगते.

तू पाठवलेली गव्हाची गोणी कशी निघाली, हे तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी ढगांबद्दल बोलले. गहू दिसायला सुंदर होता रे. टपोरा, चकचकीत, एक दाणा काळा नाही. वाडीतल्या बायकांना मी ओंजळीत घेऊन दाखवत फिरले, माझ्या लेकाच्या कंपनीच्या औषधावर वाढलेला गहू म्हणून. तेव्हाच ठरवलं की यंदा खुरसाकडच्या प्रार्थनेला, लदाईनीला, नुसते चणे वाटायचे नाहीत, तुझ्या गव्हाचा पाव, पोई, वाटायची. गिरणीतून दळून आणलं आणि पीठ बाबुशमामाच्या भट्टीवर दिलं. तुला बाप्तिस्म्याला हातात धरलं त्या माणसाने. त्याने भाजणावळ घेतली नाही, म्हणाला पोराच्या गव्हाची कसली भाजणावळ.

प्रार्थना झाली, सगळ्यांनी पोई खाल्ली, आणि लोक घरी पोचतात न पोचतात तोच उलट्या सुरू झाल्या. मोठी माणसं संध्याकाळपर्यंत सावरली. ब्रँडनच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना, त्याला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. वेनेसाने तुला कळवू नको म्हणून मला शपथ घातली होती. ती मी आज मोडते आहे.

आरोग्य खात्याची माणसं येऊन विहिरीचं पाणी घेऊन गेली. पाणी चांगलं निघालं. मग सगळ्यांची बोटं बाबुशकडे वळली. भट्टीत उंदराचं औषध पडलं असेल, आंबवण जुनं असेल, म्हातारा हल्ली हात धुतो की नाही देव जाणे. बाबुश रोज सायकलवर भोंपू वाजवत येतो आणि पावाने भरलेली टोपली तशीच परत नेतो. वाडी बाजारातून पिशवीतला पाव आणते. परवा माझ्या दारात थांबला आणि म्हणाला, "मी भट्टी झाडून बघितलंय गो आपोलिना, काय्येक नाय." मी त्याच्याकडून पाव घेतले आणि आत गेले. दार लावून घेतलं.

कारण मला माहीत होतं, सॅविओ. निदान संशय तरी होता. लदाईनीच्या आदल्या दिवशी गव्हाचा कोंडा आणि चुरा मी आपल्या डुकरापुढे ओतला होता. त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. पेजेत कालवून दिलं, तरी नाही. आपलं डुकर फाटकी चप्पलसुद्धा सोडत नाही! मी हसले, म्हटलं या महाराजांना आता बिस्किट लागतं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच गव्हाची पोई पोरांच्या हातावर ठेवली.

नाताळात तू पायरीवर बसून मला समजावलं होतंस, आठवतं? गव्हावर बुरशी एकाच जातीची नसते, आणि ओंबीत शिरते ती दाण्यात विष सोडते. योग्य औषध ओंबी फुलावर असताना मारलं तर विषही कमी होतं. भलतं औषध किंवा उशिरा मारलं तर पानावरच्या बुरश्या मरतात आणि ओंबीतलीला रान मोकळं मिळतं. मग पीक झकास दिसतं आणि विष मात्र कधीकधी वाढलेलं असतं, भाजूनही जात नाही. विषाची तपासणी करूया म्हटलं तर साहेब म्हणतो, वजन आणि चमक लिही, पुरे. हेही तूच सांगितलंस. आणि मार्चमध्ये फोनवर खुशीत होतास: ओंब्या फुलल्या तेव्हा पाऊस लागला, औषध उशिरा पडलं, तरी दाणा म्हणजे सोनं.

चूक तुझी आहे असं मी म्हणत नाही. माझा अंदाज खोटाही ठरेल. तसं झालं तर मी सगळ्या वाडीला जेवण घालीन.

रविवारी देवळात मिस्सानंतर फादरांना विचारून मी उभी राहिले आणि सांगितलं की दोष असला तर माझ्या घरच्या पिठात, बाबुशच्या भट्टीत नाही. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण बाकांवरून सगळे माझ्याकडे असे बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग बाबुशच्या घरी गेले आणि डुकराचीसुद्धा गोष्ट सांगितली. वाटलं, शिव्या घालील. त्याने टोपली झाडून ठेवली. मग म्हणाला, "आमी एक गोण खाल्ली. बाकीचो गहू खंय गेलो गो?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

ही गोणी ज्या शेतातली, त्याच्या अहवालावर महिनाअखेरीला तुझी सही लागणार, असं तू म्हणाला होतास. नोकरी कष्टाने मिळवलीस, ते मी पाहिलं आहे. ती गेली तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल. पण इथे घर आहे, माड आहेत, आणि बाबुशला भट्टीवर माणूस हवाच आहे. माझा तुझ्यावर राग नाही. म्हणजे आहे थोडा, पण तू आलास की जेवायला वाढताना जाईल.

सोबतच्या पुरचुंडीत त्याच गोणीतले गहू आहेत. डुकरापुढून उचललेले नव्हेत, स्वच्छ आहेत, दिसायला अजून तसेच सुंदर. तपासून घे. काय निघेल ते आधी बाबुशमामाला कळव, मग साहेबाला.

देवळात मी माझ्या घरचं पीठ एवढंच म्हटलं. तुझं नाव घेतलं नाही. ते तुझं तू घे.

वाट बघणारी,
तुझी आई
आपोलिना